देवळींतील डबा : घरोघरच्या चार औषधांविषयीं एक पाठ

आपल्या खेडेगांवांतील बहुतेक घरांत एक पत्र्याचा डबा असतो. तो देवळींत किंवा उंच फळीवर ठेविलेला असतो. त्यांत अर्ध्या उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, तळाशीं थोडें औषध राहिलेली एखादी बाटली, चपटी झालेली मलमाची नळी आणि आशाताईंनीं दिलेलीं दोनचार पाकिटें असतात. घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे आजी हा डबा उतरविते, आणि ‘ही पांढरी तापाची, ही तांबडी रक्ताची, ही दोन रंगांची ताकदीची’ असें म्हणून त्यांतून कांहीं तरी काढून देते. गुण आला तर औषध चांगलें. न आला तर औषध हलकें. ह्यापलीकडे सहसा कोणी विचार करीत नाहीं.

एका वाडीवर घडलेली गोष्ट सांगतों. पावसाळ्याच्या आरंभीं दीड वर्षाच्या एका मुलास जुलाब होऊं लागले. ‘पाणी पाजलें तर पोट आणखी वाहील,’ असें म्हणून घरच्यांनीं त्याचें पाणी बंद केलें. बाप सलाईनसाठीं पैसे जमविण्यास चार घरें हिंडला. दुपारपर्यंत मुलाचे डोळे खोल गेले. संध्याकाळीं त्याला जीपगाडींत घालून तालुक्याच्या गांवीं नेऊं लागले. पण वाटेंतच तें गेलें. कांहीं दिवसांनीं घर आवरतांना आईला डब्यांत जलसंजीवनीचीं दोन पाकिटें सांपडलीं. तीं मागच्याच महिन्यांत मिळालीं होतीं, आणि तीं जुलाबाचीं आहेत इतकें तिला कोणीं सांगितलेंहि होतें. परंतु तें औषध पाण्यांत कालवून पाजावयाचें, आणि पाणी तर घरच्यांनीं बंद केलेलें!

त्या घरांत औषध होतें. तें शरीरांत जाऊन काय करतें हें ज्ञान मात्र नव्हतें. घरांत औषध असणें आणि औषधाचें ज्ञान असणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आजाऱ्याच्या घरीं उपदेशक किंवा पाळक भेटीस गेला म्हणजे त्यालाच प्रथम विचारतात, ‘मास्तर, ही गोळी देऊं का?’ ह्या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वीं काय ठाऊक असावें, हें ह्या पाठांत थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

१. औषध शरीरांत कोठें जातें?

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, डोकेदुखीची गोळी थेट डोक्यांत जाते आणि गुडघ्याची गोळी गुडघ्यांत. वस्तुस्थिति तशी नाहीं. गिळलेली गोळी पोटांत विरघळते, आंतड्यांतून रक्तांत उतरते, आणि रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरते. विहिरीचें पाणी पाटांत सोडलें म्हणजे तें मिरचीच्या वाफ्यास मिळतें, तसेंच बांधावरच्या गवतासहि मिळतें. औषधाचेंहि तसेंच आहे. ज्या ठिकाणीं आपणांस काम हवें असतें तेथें तें जातें, आणि जेथें नको असतें तेथेंहि जातें. म्हणूनच अंगदुखीच्या कांहीं गोळ्यांनीं गुडघ्यास आराम पडतो, पण त्याच वेळीं जठरांत जळजळ होते.

दुसरी गोष्ट अशी कीं, औषध शरीरांत कायमचें राहत नाहीं. यकृत, म्हणजे आपलें काळीज, त्याचें रूपांतर करतें, आणि मूत्रपिंडें त्याला लघवीवाटें बाहेर टाकतात. तळाशीं बारीक भोंक असलेल्या रांजणाची कल्पना करा. त्यांतलें पाणी एका रेषेपर्यंत ठेवावयाचें असेल तर ठराविक वेळानें एक एक घागर ओतावी लागेल. वेळ चुकविली तर पाणी रेषेखालीं जाईल. चार घागरी एकदम ओतल्या तर रांजण भरून वाहूं लागेल. डॉक्टर ‘दिवसांतून तीन वेळां’ असें लिहितात तें ह्याच कारणास्तव. सकाळची गोळी चुकली म्हणून रात्रीं दोन घेतल्यानें हिशेब जुळत नाहीं.

आतां औषधाच्या कामाकडे वळूं. घरगुती डब्यांत सांपडणारीं बहुतेक औषधें तीन प्रकारचीं कामें करतात. कांहीं शरीरांतून गेलेली वस्तु भरून काढतात. कांहीं दुःख किंवा ताप शमवितात, परंतु त्याचें मूळ काढीत नाहींत. कांहीं रोगाच्या जंतूंस मारतात. भरून काढणारें, शमविणारें आणि मारणारें, हे तीन शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. एका प्रकारच्या औषधाकडून दुसऱ्या प्रकारच्या कामाची अपेक्षा केली म्हणजे घात होतो. त्या वाडीवर हेंच झालें. भरून काढणाऱ्या औषधाची गरज होती, आणि घरचीं माणसें जुलाब थांबविणाऱ्या औषधाची वाट पाहत बसलीं.

२. जलसंजीवनी : भरून काढणारें औषध

जुलाबांत मूल मरतें तें बहुधा पोटांतल्या घाणीनें नव्हे, तर शरीरांतलें पाणी व क्षार निघून गेल्यानें. मग सगळें पाणी बाहेर पडत असतां वरून पाजलेलें पाणी आंत कसें राहील, असा प्रश्न सहजच उत्पन्न होतो. ह्याचें उत्तर आंतड्याच्या रचनेंत आहे. आंतड्याच्या अस्तरांत एक दार असें आहे कीं, त्यांतून मीठ व साखर हीं जोडीनेंच आंत शिरतात, आणि तीं शिरलीं म्हणजे त्यांच्यामागून पाणीहि ओढलें जातें. पटकीसारख्या भयंकर रोगांत देखील हें दार चालू राहतें. नुसतें पाणी पाजलें तर तें पुरेसें शोषलें जात नाहीं, आणि गेलेलें मीठहि भरून निघत नाहीं. योग्य मापाचें मीठ व साखर घातलेलें पाणी शोषलें जातें.

जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाप्रमाणें एक लिटर पाण्याच्या पाकिटांत साधें मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज साखर १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असतें. हें माप पुष्कळ विचार करून ठरविलेलें आहे. गोडी आवडते म्हणून वरून साखर घातली, तर ती जादा साखर उलट शरीरांतलेंच पाणी आंतड्यांत ओढून घेते आणि जुलाब वाढतात. दुकानांत खोक्यांतून मिळणारीं गोड पेयें ह्या कामास उपयोगाचीं नाहींत. पाकिटावर वरील प्रमाण लिहिलेलें आहे किंवा नाहीं हें पाहून घ्यावें.

हें औषध काय करूं शकतें, ह्याची साक्ष १९७१ सालीं मिळाली. बांगलादेशच्या युद्धामुळें लाखो निर्वासित बंगालांत आले, आणि बनगांव येथील छावणींत पटकीची साथ उठली. शिरेंतून देण्याचें सलाईन संपूं लागलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनोबिस ह्यांनीं मीठ, ग्लुकोज व सोडा मापून पाकिटें तयार करविलीं, तें पाणी पिंपांतून ठेविलें, आणि आजाऱ्यांच्या नातलगांच्याच हातीं पेले देऊन पाजविण्यास सांगितलें. पूर्वीं तेथें शेंकडा ३० च्या सुमारास आजारी दगावत होते. ह्या उपचारानें तें प्रमाण शेंकडा ४ च्या आंत आलें. पाजणारीं माणसें डॉक्टर नव्हतीं. आई, बाप, भाऊ, बहीण अशीं होतीं.

कृति अशी. हात साबणानें धुवावे. एक लिटर पिण्याचें स्वच्छ पाणी मोजून घ्यावें, आणि एक लिटरचें सबंध पाकीट त्यांत एकदम घालून ढवळावें. अर्धें पाकीट पेल्यांत व अर्धें उद्यांसाठीं, असें करूं नये. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, आणि त्याहून मोठ्या मुलास अर्धा ते एक कप पाजावें. उलटी झाली तर दहा मिनिटें थांबून पुनः चमचा चमचा द्यावें. कालविलेलें पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावें. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यांत सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालून काम चालवावें. आईचें दूध व नेहमींचें अन्न मुळींच बंद करूं नये. ह्याबरोबर मुलांस जस्ताच्या गोळ्या १४ दिवस देतात. दोन ते सहा महिन्यांच्या मुलास रोज १० मिलिग्रॅम, आणि त्यापुढें पांच वर्षांपर्यंत रोज २० मिलिग्रॅम. जुलाब चौथ्या दिवशीं थांबले तरी ह्या गोळ्या पुऱ्या कराव्या.

मूल पिईनासें झालें, सुस्त पडलें, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटींत धरून सोडली असतां सावकाश खालीं बसूं लागली, किंवा शौचांत रक्त दिसलें, तर क्षणभरहि न थांबतां दवाखाना गांठावा, आणि वाटेनें पाजीत जावें. अशा वेळीं सलाईन जीव वांचवितें. परंतु थकवा आला कीं बाटली लावून घेणें, ही जी चाल खेड्यांत पडली आहे ती व्यर्थ आहे. साध्या सलाईनच्या ५०० मिलिलिटर बाटलींत साडेचार ग्रॅम मीठ असतें, म्हणजे एक लहान चमचाहि पुरता भरणार नाहीं इतकें. बाकी सर्व पाणी. ज्याला तोंडानें पितां येतें त्यानें ह्यासाठीं शेंकडों रुपये मोजून हातांत सुई कां टोंचून घ्यावी? आणि ती सुई स्वच्छ नसेल, तर त्याच वाटेनें काविळीचे व एड्सचे विषाणु शरीरांत शिरतात.

३. पॅरासिटामॉल : शमविणारें औषध

तापाची म्हणून जी पांढरी गोळी सर्वत्र मिळते ती बहुधा पॅरासिटामॉल होय. आपल्या मेंदूंत शरीराची उष्णता ठरविणारें एक केंद्र आहे. जंतु शरीरांत शिरले म्हणजे प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार होतात, आणि त्यांच्या सांगण्यावरून हें केंद्र उष्णतेची रेषा वर नेतें. त्यालाच आपण ताप म्हणतों. ही गोळी तीं द्रव्यें तयार होण्याचें काम कमी करते, म्हणून रेषा खालीं येते, घाम सुटतो, आणि अंगदुखीहि निवळते.

ह्यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, ह्या गोळीनें ताप उतरतो, पण तापाचें कारण जात नाहीं. हिंवतापाचे जंतु ह्या गोळीनें मरत नाहींत. डेंग्यू किंवा फुप्फुसाची सूज हिनें बरी होत नाहीं. घराला आग लागली असतां ओरडणाऱ्या राखणदाराला गप्प केलें, म्हणून आग विझत नाहीं. यास्तव गोळी देऊन आराम पडला तरी डोळे उघडे ठेवावे. ताप तीन दिवसांवर गेला, थंडी वाजून पुनःपुनः येऊं लागला, श्वास जोरानें चालूं लागला, किंवा अंगावर रक्ताचे ठिपके दिसले, तर रक्त तपासून घेण्यास आरोग्य केंद्रांत जावें. दोन महिन्यांच्या आंतील तान्ह्या बाळास ताप आला, तर घरीं कांहींहि न देतां त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें. डेंग्यूचा संशय असतां ऍस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊं नये. त्यांनीं रक्तस्राव वाढण्याचें भय असतें. मुलांच्या तापासहि ऍस्पिरिन देऊं नये.

हें औषध योग्य मापांत अतिशय निर्धोक आहे, आणि मापाबाहेर तितकेंच घातक. यकृत त्याचें रूपांतर करतांना थोडें विष तयार होतें. थोडें असेल तर यकृत त्याचा बंदोबस्त करतें. फार झालें म्हणजे यकृतच करपून जातें, आणि हें नुकसान दोन दिवस बाहेर दिसत देखील नाहीं. प्रौढ मनुष्यास ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, फार तर दोन, चार ते सहा तासांच्या अंतरानें चालते. परंतु २४ तासांत अशा आठ गोळ्यांची मर्यादा कदापि ओलांडूं नये. जो अशक्त आहे, ज्यास दारूची संवय आहे किंवा यकृताचा विकार आहे, त्याची मर्यादा ह्याहून पुष्कळ कमी. ती डॉक्टरांनींच ठरवावी.

येथें एक सांपळा आहे. क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल हीं नांवें निरनिराळीं असलीं तरी आंतलें औषध एकच आहे, आणि सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतहि तेंच मिसळलेलें असतें. एका दुकानांतली एक, शेजाऱ्यानें दिलेली दुसरी आणि सर्दीची म्हणून तिसरी घेणारा मनुष्य नकळत एकच औषध तिप्पट घेतो. मुलांच्या बाबतींत तर अधिकच जपावें. मुलाची मात्रा वजनावर ठरते, दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलास १०० ते १५० मिलिग्रॅम पुरे. पातळ औषधाच्या एका बाटलींत ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम असतें, तर तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या बाटलींत २५०. म्हणजे तोच चमचा, पण औषध दुप्पट! यास्तव बाटलीवरचा आंकडा वाचावा, आणि स्वयंपाकाच्या चमच्यानें न मोजतां बाटलीबरोबर आलेल्या मापानेंच मोजावें.

४. प्रतिजैविक : जंतूंस मारणारें औषध

१९२८ सालीं लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयांत अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांना असें दिसलें कीं, जंतु वाढविण्याच्या एका बशींत बुरशी पडली आहे, आणि तिच्या भोंवतालचे जंतु विरून गेले आहेत. त्या बुरशींतून पुढें पेनिसिलिन निघालें. आपल्या देशांत १९५४ सालीं पुण्याजवळ पिंपरी येथें त्याचा सरकारी कारखाना स्थापन झाला.

पेनिसिलिन जंतूला मारतें तें मोठ्या युक्तीनें. जंतूच्या शरीराभोंवतीं एक भिंत असते, आणि जंतु वाढतांना तिची डागडुजी सतत चालू असते. पेनिसिलिन ह्या भिंतीच्या गवंड्याचेच हात बांधतें. डागडुजी थांबते, भिंत खचते आणि जंतु फुटून मरतो. मनुष्याच्या पेशींना अशी भिंत नसते, म्हणून आपणांस त्यापासून तशी इजा होत नाहीं. दुसरीं प्रतिजैविकें जंतूचीं दुसरीं कामें बंद पाडतात.

परंतु सर्दी, पडसें, इन्फ्लुएन्झा आणि लहान मुलांचे पुष्कळसे जुलाब हे विषाणूंमुळें होतात. विषाणूला ती भिंतहि नाहीं आणि तो गवंडीहि नाहीं. मग हें औषध तेथें कोणाचे हात बांधणार? पडशांत घेतलेली दोन रंगांची कॅप्सूल पडशास कांहींहि करीत नाहीं. पडसें सात दिवसांत आपोआप जातें आणि श्रेय कॅप्सूलला मिळतें. ती ताकदीची गोळी नव्हे. तिच्यांत शक्ति देणारें कांहींहि नाहीं.

ह्या चुकीची किंमत फार मोठी आहे. लाखों जंतूंमध्यें थोडे चिवट असतात. औषध अपुरें पडलें म्हणजे दुबळे मरतात, चिवट राहतात, आणि पुढची सर्व संतति चिवटांचीच होते. १९४५ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांना केलेल्या व्याख्यानांत खुद्द फ्लेमिंग ह्यांनीं एक कल्पित गोष्ट सांगून हा इशारा दिला होता. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच्या बुद्धीनें थोडेंसें पेनिसिलिन विकत घेऊन खातो. जंतु मरण्याऐवजीं तें सोसण्यास शिकतात. त्याच जंतूंची बाधा पुढें त्याच्या पत्नीस होते. तिला पेनिसिलिन देतात, पण तें आतां चालत नाहीं, आणि ती मरण पावते. निष्काळजीपणा एकाचा आणि मरण दुसऱ्याचें, हें ह्या गोष्टीचें मर्म आहे.

क्षयरोगाच्या औषधांत हेंच तत्त्व सर्वांत स्पष्ट दिसतें. औषधांनीं जिंकला जाणारा साधा क्षय असेल, तर पहिले दोन महिने चार औषधें आणि पुढें चार महिने तीन औषधें, अशीं एकंदर सहा महिने रोज घ्यावीं लागतात. सरकारी दवाखान्यांत तीं फुकट मिळतात. दुसऱ्या महिन्याच्या सुमारास खोकला थांबतो, भूक लागते, अंगावर मांस चढतें. आणि नेमका ह्याच वेळीं आजारी म्हणतो, ‘आतां मी बरा झालों, गोळ्या कशाला?’ परंतु जे जंतु झपाट्यानें वाढत होते तेच तोंवर मेलेले असतात. कांहीं जंतु फुप्फुसांत निद्रिस्त असल्यासारखे राहतात, आणि त्यांना वेंचून काढण्यास उरलेले महिने लागतात. मध्यें सोडलेला क्षय पुनः उठतो, कित्येकदां चिवट होऊन उठतो, आणि एकाच घरांत निजणाऱ्या मुलांस लागतो. रिफॅम्पिसिन नांवाच्या औषधानें लघवी नारिंगी-तांबडी होते. तें रक्त नव्हे, त्यानें घाबरून औषध सोडूं नये. मात्र डोळे पिवळे होणें, दृष्टि मंद होणें, किंवा एकसारख्या उलट्या होणें, असें झाल्यास ताबडतोब दवाखान्यांत कळवावें.

ज्या पट्टीवर कडेला उभी तांबडी रेघ आहे, तींतलें औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून घ्यावयाचें नाहीं, अशी ती खूण आहे. ज्यांना अक्षर येत नाहीं त्यांनाहि ही रेघ वाचतां येते. तसेंच पूर्वीं एखाद्या औषधानें अंगावर गांधी उठल्या असतील किंवा दम लागला असेल, तर तें औषध कोणतें हें लिहून ठेवावें, आणि प्रत्येक डॉक्टरांस प्रथम सांगावें. पेनिसिलिनच्या जातीचीं औषधें अशा मनुष्याच्या जिवावर उठूं शकतात.

५. तांबडी गोळी : हळूहळू भरून काढणारें औषध

आपल्या रक्ताचा तांबडा रंग हिमोग्लोबिनचा आहे, आणि तें लोहावांचून बनत नाहीं. श्वासांतला प्राणवायु शरीरभर वाहून नेणें हें त्याचें काम. लोह कमी पडलें म्हणजे वाहणारे हमाल कमी पडतात. मग पाण्याची घागर आणतांना धाप लागते, डोळ्यांपुढें अंधारी येते, आणि बाळंतपणांत थोडासा रक्तस्रावहि जिवावर बेततो.

गरोदर बायकांस दिल्या जाणाऱ्या तांबड्या गोळींत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ऍसिड असतें. ह्या फॉलिक ऍसिडचा इतिहास आपल्या मुंबईशीं निगडित आहे. १९२८ सालीं डॉ. ल्यूसी विल्स ह्या इंग्रज बाई मुंबईंत आल्या, आणि गिरणींत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांस होणाऱ्या एका प्रकारच्या पांडुरोगाचा त्यांनीं शोध आरंभिला. कदान्नावर दिवस काढणाऱ्या ह्या बायकांस यीस्टचा अर्क दिला असतां त्या बऱ्या होतात, असें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य तेंच पुढें फॉलिक ऍसिड म्हणून ओळखलें गेलें.

ही गोळी गरोदरपणांत १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक घ्यावयाची असते. इतके दिवस कां? कारण तांबड्या पेशी रोज थोड्या थोड्या तयार होतात, आणि प्रत्येक पेशी सुमारें १२० दिवस जगते. रिकामें कोठार एका आठवड्यांत भरत नाहीं. पहिल्या महिन्यांत तरतरी वाटली, तरी कोठार अजून रिकामेंच असतें.

ह्या गोळीनें शौच काळें होतें. तें उरलेल्या लोहाचें लक्षण आहे. भिण्याचें कारण नाहीं. मळमळ होत असेल तर जेवणानंतर किंवा रात्रीं निजतांना घ्यावी. चहाबरोबर मुळींच घेऊं नये. चहांतील तुरट द्रव्य लोहाला बांधून ठेवतें. गोळी व चहा ह्यांत एक दोन तासांचें अंतर असावें, आणि कॅल्शियमची गोळी असल्यास ती वेगळ्या वेळीं घ्यावी. लिंबू, आंवळा किंवा पेरू बरोबर खाल्ल्यास लोह अधिक शोषलें जातें. शेवटीं एक सूचना. ह्या चकचकीत तांबड्या गोळ्या लहान मुलांस गोळ्याबिस्किटांसारख्या वाटतात, आणि मूठभर खाल्ल्या तर मूल विषबाधेनें मरूं शकतें. त्या मुलांच्या हातास लागूं देऊं नका.

६. चार प्रश्न

कोणतेंहि औषध तोंडांत घालण्यापूर्वीं हे चार प्रश्न विचारावे.

पहिला : ह्याचें खरें नांव काय? कंपनीचें मोठें नांव नव्हे, तर खालीं लिहिलेलें औषधाचें नांव.

दुसरा : ह्याचें काम काय? हें भरून काढतें, शमवितें, कीं जंतूंस मारतें? आणि ह्या आजाऱ्यास त्याच कामाची गरज आहे काय?

तिसरा : ह्याचें माप काय? किती, किती वेळानें, अन्नाआधीं कीं नंतर. मुलाचें वजन किती. ती स्त्री गरोदर आहे काय. दुसरें कोणतें औषध चालू आहे?

चौथा : ह्याचा शेवट कोठें? किती दिवस घ्यावयाचें, आणि कोणतें लक्षण दिसलें असतां आपण थांबून डॉक्टरांकडे धांव घ्यावयाची?

ह्या चारांपैकीं एकाचेंहि उत्तर ठाऊक नसेल तर डबा मिटावा, आणि आशाताईंस, परिचारिकेस किंवा डॉक्टरांस विचारावें. उपदेशकानें डॉक्टर होऊं नये. परंतु हे चार प्रश्न विचारण्यास त्यानें घरोघर शिकवावें. ‘आम्ही अडाणी, आम्हांस हें कसें समजणार?’ असें कोणी म्हणूं नये. अहिल्यानगर (पूर्वींच्या नगर) जिल्ह्यांतील जामखेड येथें डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें १९७० सालीं काम आरंभिलें. त्यांनीं गांवोगांवच्या बायका, ज्यांपैकीं पुष्कळींना लिहितां वाचतां येत नव्हतें, त्यांस आरोग्याचें शिक्षण दिलें. आणि ज्या कामास डॉक्टरच पाहिजे असें लोक समजत होते, तें पुष्कळसें काम त्या बायकांनीं करून दाखविलें.

तेव्हां येत्या आठवड्यांत आपापल्या घरांतील डबा खालीं उतरावा. ज्याची मुदत संपली आहे, ज्याचें नांव फाटलें आहे, जें कोणासाठीं आणलें होतें तें कोणास आठवत नाहीं, तें सर्व बाजूस काढून आशाताईंस किंवा आरोग्य केंद्रांत दाखवावें, आणि पुनः वापरूं नये. राहिलेलें औषध कोरड्या जागीं, चुलीच्या धगीपासून दूर, मुलांच्या हातापलीकडे ठेवावें. आणि जलसंजीवनीचीं पाकिटें सर्वांत वर ठेवून, तीं कशीं कालवावयाचीं हें घरांतल्या प्रत्येकास, आजीपासून शाळेंतल्या पोरापर्यंत, एकदां करून दाखवावें. त्या वाडीवरच्या आईला दोन पाकिटें मिळालीं होतीं. एवढें दाखविणारें कोणी मिळालें नाहीं.

सभेंत विचारण्यासारखे प्रश्न

१. जुलाब होत असतां पाणी बंद करणें घातक कां? मीठ आणि साखर दोन्ही कां लागतात?

२. पॅरासिटामॉलनें ताप उतरला तरी आजार गेला असें कां म्हणतां येत नाहीं?

३. पडशांत प्रतिजैविक घेतल्यानें स्वतःचें व शेजाऱ्याचें काय नुकसान होतें?

४. क्षयाचा आजारी दोन महिन्यांत धडधाकट दिसूं लागला. त्यास गोळ्या चालू ठेवण्याविषयीं आपण काय सांगाल?

५. आपल्या घरच्या डब्यांतील प्रत्येक औषध तीन प्रकारांपैकीं कोणत्या प्रकारचें आहे, हें आपणांस सांगतां येईल काय?